मॅकरिचीची फेरी: तीन वर्षं पळून झाल्यावर लिहिलेला रिव्ह्यू

सिंगापूरला नवीन आलेल्या आपल्या लोकांचा महिन्या-दोन महिन्यांनी एक प्रश्न ठरलेला असतो, "इथं डोंगर-बिंगर काहीच नाही का हो?" तर नाहीये. इथली सगळ्यात उंच टेकडी बुकित तिमा, ती जेमतेम १६३ मीटर, जोतिबाच्या डोंगराला कळलं तर तो हसेल. पण त्याच्या बदल्यात इथं एक गोष्ट आहे जी मला कोल्हापुरात वाढूनसुद्धा कधी मिळाली नव्हती. भर शहरात, मेट्रोतून उतरून पंधरा-वीस मिनिटं चाललं की एका दीडशे वर्षं जुन्या तलावाभोवती जंगलातून फिरणारी दहा-अकरा किलोमीटरची वाट. मॅकरिची रिझर्व्हॉयर. गेली तीन वर्षं मी तिथं महिन्यातून दोन-तीनदा पळते, आणि जो तो विचारतो कसं आहे, बूट कुठले घालू, माकडं चावतात का, म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच टाकावं.

आधी माझ्याबद्दल सांगते म्हणजे रिव्ह्यूला किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा. मी काही भारी रनर वगैरे नाही. वय पंचेचाळीस, रस्त्यावरचे दहा किलोमीटर एक तास पाच मिनिटांत, आणि उजवा गुडघा पाऊस यायच्या आधी बोलतो, आता इथं पाऊस कधीही येतो त्यामुळे तो जवळजवळ रोजच बोलतो.

पहिल्यांदा गेले तेव्हा साधा हिशोब केला होता. दहा म्हणजे दहा, थोडा चढ-उतार धरून सव्वा तास, म्हणजे सातला सुरू केलं तर साडेआठला घरी कांदेपोहे. नवऱ्याला तसं सांगूनही ठेवलं. प्रत्यक्षात मी बाहेर आले तेव्हा नऊ वाजून गेले होते, कोपर सोललेलं, बूट लाल चिखलाने भरलेले, पाणी कधीचंच संपलेलं, आणि फोनवर चार मिस्ड कॉल. तर पहिली आणि सगळ्यात कामाची गोष्ट हीच की मॅकरिचीचे दहा हे ईस्ट कोस्ट पार्कच्या सपाट रस्त्यावरचे दहा नव्हेत. इथं किलोमीटर धरून जाऊ नका, वेळ धरून जा. रस्त्यावर तुम्हाला दहाला एक तास लागत असेल तर इथं दीड तास हातात ठेवा, पहिल्या वेळी पावणेदोन. हे एवढं मनाशी कबूल केलं की ही वाट इतकी आवडायला लागते की विचारू नका, आणि नाही केलं तर घड्याळाकडे बघत बघत मुळांना शिव्या देत पळाल आणि परत येणार नाही. माझ्या ऑफिसातला एकजण असाच गेला, आता तो ट्रेडमिलवर सुखी आहे.

थोडं जागेबद्दल. सिंगापूरचा हा सगळ्यात जुना तलाव. शहराला चांगलं पाणी मिळावं म्हणून टॅन किम सेंग नावाच्या व्यापाऱ्यानं १८५७ मध्ये १३,००० डॉलर दिले होते, पण तलाव बांधून व्हायला १८६८ उजाडलं, म्हणजे सरकारी कामाचा वेग तेव्हाही सगळीकडे सारखाच. नंतर जेम्स मॅकरिची नावाच्या म्युनिसिपल इंजिनिअरनं तो वाढवला आणि १९२२ मध्ये त्याचंच नाव तलावाला दिलं. मला यातली खरी भारी गोष्ट वेगळीच वाटते. एकोणिसाव्या शतकात या बेटावरचं बहुतेक जंगल गॅम्बियर (कातडी कमवायला वापरायचं एक झुडूप) आणि मिरीच्या लागवडीसाठी सपाट झालं होतं. जे उरलं, जे परत वाढलं, ते मुख्यतः तलावांच्या पाणलोटात आलं म्हणून. पाण्यासाठी जंगल राखलं. आमच्याकडे राधानगरीला तेच दिसतं, शाहू महाराजांनी धरण बांधायला घेतलं आणि आज त्या पाण्याच्या मागे दाजीपूरचं जंगल आहे आणि त्यात गवे आहेत. इथं गवे नाहीत पण हिशोब तोच. आज हा सगळा भाग सेंट्रल कॅचमेंट नेचर रिझर्व्ह म्हणून राखीव आहे, दोन हजार हेक्टरच्या वर, आणि त्यात मॅकरिची धरून चार तलाव आहेत. नवीन क्रॉस आयलंड मेट्रो लाइन याच जंगलाच्या खालून न्यायची का वळसा घालून, यावर इथं काही वर्षं चांगलाच वाद झाला, शेवटी २०१९ मध्ये खालूनच न्यायचं ठरलं पण सत्तर मीटर खोलवरून. पळताना कधीतरी डोक्यात येतं की आपल्या पायाखाली वीस-बावीस मजल्यांएवढं खाली बोगदा असणार. मग मूळ आडवं येतं आणि डोक्यातलं सगळं जातं.

जायचं कसं ते सोपं आहे. कॅल्डेकॉट स्टेशनला सर्कल लाइन आणि थॉमसन-ईस्ट कोस्ट लाइन दोन्ही येतात, मेरीमाउंटवरूनही चालत येता येतं. रविवारी पार्किंगच्या नादी लागू नका, साडेसातनंतर गाड्यांची रांग बघूनच घाम येतो. मुख्य पार्कमध्ये लॉकर आहेत, शॉवर आहेत, टॉयलेट आहेत, खायला-प्यायला मिळतं, म्हणजे पळून झाल्यावर अंघोळ करून कोरडे कपडे घालून माणसात येता येतं, आणि परतीच्या मेट्रोत शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसत नाही. ही सोय ज्याने आधी चिखलासकट एसी डब्यातून प्रवास केलाय त्यालाच कळेल. पार्कचा प्रवेश फुकट. ट्रेल सकाळी सात ते संध्याकाळी सात, आणि इथं सूर्य बाराही महिने सातच्याच आसपास उगवतो-मावळतो, त्यामुळे हेडलॅम्प लावून पहाटे चारला घुसायची आपली सह्याद्रीतली सवय इथं विसरायची.

आता वाट. मी नेहमी घड्याळाच्या दिशेने जाते, म्हणजे तलाव उजव्या हाताला ठेवून. याला कारण आहे. या बाजूने आधी लॉर्नी ट्रेल लागतो, रुंद, मुरमाड, हलके चढ-उतार, पायांना जागं करायला बरोब्बर. अवघड भाग शेवटी येतो तेव्हा अंग गरम झालेलं असतं. उलट्या दिशेने जाणारेही खूप आहेत आणि त्यांचंही म्हणणं खोटं नाही, की दमल्यावर मुळांतून पळण्यापेक्षा ताजं असताना ते उरकून टाकावं. चवीचा प्रश्न आहे. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने लॉर्नीनेच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत, कारण तीनेक किलोमीटरवर नकोसं झालं तर मागे फिरणं सोपं पडतं.

लॉर्नीबद्दल एकच तक्रार. पहिला बराच वेळ झाडांच्या पलीकडून लॉर्नी रोडच्या गाड्यांचा आवाज येत राहतो. जंगलात आहोत असं वाटायच्या आत कुणीतरी हॉर्न मारतं (सिंगापुरात हॉर्न ऐकायला मिळणं म्हणजे तसा दुर्मिळ योग, पण तरी). पुढे आवाज विरत जातो, डाव्या हाताला गोल्फचं मैदान येतं, हिरवंगार, कापलेलं, आणि एक पट्टा असा येतो की एकीकडे इस्त्री केलेलं गवत आणि दुसरीकडे काळोखं जंगल, मधून तुम्ही. तिथं झाडीतून तलाव दिसतो. सकाळी सव्वासातला त्यावर वाफ असते. माझ्या तीन वर्षांत मी तिथं एकदाही न थांबता पळालेले नाही, आणि म्हणूनही माझा टायमिंग कधी सुधारला नाही.

त्यापुढे जेलुटाँग टॉवर. लाकडी-लोखंडी मनोरा आहे, वर चढलं की झाडांच्या शेंड्यांच्या बरोबरीने उभं राहता येतं. पळायला आलेले बहुतेक लोक खालूनच जातात. मी म्हणेन एकदा तरी चढा, वारा फक्त तिथंच आहे. कारण दमट हवेबद्दल मी अजून बोललेच नाही. सकाळी तापमान पंचवीसच्या आसपास, ऐकायला छान वाटतं, पण हवेत एवढं पाणी की घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये टी-शर्ट पिळता येतो. नाडी रस्त्यापेक्षा दहा-पंधराने जास्त धावते आणि तुम्ही मात्र कमी. महाबळेश्वर, साताऱ्याच्या थंड हवेत पळायची सवय असलेल्या लोकांनी पहिले दोन महिने पेस बघूच नये, घड्याळावर पट्टी चिकटवा हवं तर. पाणी कमीत कमी एक लिटर बरोबर पाहिजे, आणि त्यात मीठ-साखर-लिंबू, बस. मी घरूनच कोकम सरबत खारट करून नेते, महागड्या पावडरीपेक्षा ते मला जास्त मानवतं, नवरा त्याला "जंगलातली सोलकढी" म्हणतो.

मग येतो साईम ट्रॅक, आणि इथं खरी मजा आणि इथंच माझं कोपर गेलं.

कसं झालं ते सांगते कारण तुमचंही असंच होणार आहे. वाट अरुंद होते, वरून झाडी मिटते, उजेड एकदम कमी होतो. जमिनीवर पानांचा जाड थर आणि त्याच्यातून मुळं, हाताच्या मनगटाएवढी, काही बोटाएवढी, वर्षानुवर्षं लोकांच्या बुटांनी घासून घासून गुळगुळीत झालेली, आणि पाऊस पडून गेला की साबणासारखी. मला वाटलं मूळ म्हणजे धरायला चांगलं, दगडासारखं, सह्याद्रीत आपण दगडावर पाय ठेवतो तसा मी बिनधास्त मुळावर ठेवला. पाय माझ्याआधी पुढे गेला. पडल्यावर पहिल्यांदा काय बघितलं तर नाकापासून चार बोटांवर मुंग्यांची एक रांग, आपल्या कामाला चाललेली, माझ्या पडण्याने त्यांच्या रहदारीला काहीही फरक पडला नव्हता. मागून येणारा एक म्हातारा चिनी काका थांबला, सत्तरी तरी असेल, बनियन आणि हाफ चड्डी, पायात साधे जुने कॅनव्हास. उठवलं, कोपर बघितलं, आणि सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, मुळावर नको, मुळांच्या मधे. आणि गेला पळत. मी काही त्याला गाठू शकले नाही. त्या दिवसापासून मी त्याचं ऐकते, मुळावर पाय द्यायचा नाही, दोन मुळांच्या मधल्या मातीत द्यायचा, पावलं छोटी, नजर तीन-चार पावलं पुढे. एवढं जमलं की पाय आपोआप नाचायला लागतात, रस्त्यावर पळताना जो कंटाळा येतो तो इथं येतच नाही कारण कंटाळायला डोकं मोकळंच नसतं.

बुटांचं विचारतात सगळे. मी सुरुवातीला एका मोठ्या ब्रँडचे महागडे ट्रेल शूज घेतले, नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको. खाली एवढे मोठे दात की लॉर्नीच्या मुरुमावर खिळ्यांवर पळाल्यासारखं वाटायचं, आणि आतून वॉटरप्रूफ, म्हणजे पाणी बाहेरून येत नाही हे खरं पण आत गेलेला घाम आणि पाऊसही बाहेर जात नाही, तासाभरात पाय पोह्यांसारखे भिजलेले. चार महिन्यांत पुढचा सोलही सुटला. या वाटेला तीन-चार मिलिमीटरचे दात पुरतात, जाळीचे बूट घ्या जे भिजतील आणि लगेच वाळतील, वॉटरप्रूफचे पैसे वाचवा. कोरड्या आठवड्यात रस्त्यावरचे जुने बूटही चालतात, अर्धे लोक तेच घालून येतात. मोजे मात्र चांगले घ्या, फोड बुटांनी कमी आणि ओल्या मोज्यांनी जास्त येतात.

साईम ट्रॅक संपला की एक दमवणारा चढ आणि मग रेंजर स्टेशन. इथं टॉयलेट आहे, पाणी भरून घेता येतं, बसायला जागा आहे, लोक भेटतात. पाण्याची बाटली इथं पूर्ण भरा, कारण पुढे पार्कमध्ये पोचेपर्यंत काही नाही. आणि इथंच मोह होतो तो ट्रीटॉप वॉकला जायचा.

ट्रीटॉप वॉक म्हणजे झाडांच्या वरून जाणारा झुलता पूल, अडीचशे मीटर लांब, सगळ्यात उंच जागी जमिनीपासून पंचवीस मीटर, बुकित पिअर्स आणि बुकित कलांग या दोन टेकड्यांना जोडणारा, २००४ मध्ये सुरू झाला. बघण्यासारखा आहे यात वादच नाही. पण रनिंगच्या दिवशी जाऊ नका. एक तर तो नऊला उघडतो, शनिवार-रविवारी साडेआठला, म्हणजे सातला निघालेला माणूस आधीच पोचतो आणि बंद फाटकापुढे उभा राहतो. सोमवारी बंद. वरून वाट एकाच दिशेने, पूल अरुंद, पुढे फोटो काढणारं कुटुंब असेल तर त्यांच्या मागे मागे, आणि पूल ओलांडला की पेटालिंग ट्रेलच्या लाकडी पायऱ्या उतरायच्या-चढायच्या, त्या गुडघ्याची पार वाट लावतात. पाहुणे आले की वेगळ्या दिवशी चालत जा. निघण्यापूर्वी वेबसाइटवर एकदा बघून घ्या, कारण अधूनमधून दुरुस्तीसाठीही बंद असतो.

तेच फळ्यांच्या रस्त्यांचं. तलावाच्या काठाने चेंपेराई, प्रुनस, पेताई अशी झाडांच्या नावांची छोटी छोटी लाकडी बोर्डवॉक आहेत. दिसायला अतिशय सुंदर, पाण्याला चिकटून, कमळाच्या पानांएवढी शांतता. तिथं पळायचं नाही, चालायचं. ओल्या फळीवर बूट घसरतो तो मुळापेक्षा वाईट, आणि समोरून आजी नातवाला कासव दाखवत येत असते.

रेंजर स्टेशननंतरचा परतीचा तुकडा, मॅकरिची नेचर ट्रेल, माझा सगळ्यात आवडता. मुळं, दगड, पायऱ्या, चढ, उतार, पुन्हा चढ, एकसारखं असं काहीच नाही. याच बाजूला मला सगळ्यात जास्त प्राणी-पक्षी दिसलेत. घोरपड तर दर दोन फेऱ्यांमागे एक, आपल्याकडच्यापेक्षा मोठी वाटते, वाटेत आडवी पडलेली असते आणि हलायची घाई अजिबात नसते. पहिल्या वेळी मी दहा मिनिटं उभी राहिले. आता कळलंय की लांबून थोडे पाय आपटत गेलं की ती कंटाळून जाते. भृंगराज दिसतो, तोच आपला, काळाभोर, शेपटीला दोन लांब दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला पिसांचे झुबके, भीमाशंकरला मी याच्यासाठी तासन् तास मान वर करून बसले होते आणि इथं तो डोक्यावरून असाच निघून जातो. कोलुगो म्हणून एक प्राणी आहे, झाडाच्या खोडाला चिकटून बसतो, खोडासारखाच दिसतो, अंगाला कातड्याची घडी, ती पसरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. मला तीन वर्षांत दोनदा दिसला आणि दोन्ही वेळा कुणीतरी दाखवला म्हणून.

आणि माकडं. लांब शेपटीची मकाक. चावतात का, तर आपण शहाणे असलो तर नाही. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, त्यांना माणसांमध्ये रस नाही, प्लॅस्टिकच्या आवाजात आहे. माझ्या कमरेच्या पट्ट्यात खजुराची छोटी पिशवी होती. मी एका बाकावर बसून ती काढली, एकदाच कुरकुर आवाज झाला. कुठून आलं कळलं नाही, एक मध्यम आकाराचं माकड बाकाच्या पाठीवर येऊन बसलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, हात पुढे केला आणि पिशवी घेतली, अगदी शांतपणे, बँकेत पैसे मोजून घ्यावेत तसं. मग जरा लांब जाऊन बसलं. झिपलॉक होती. मला वाटलं आता दाताने फाडेल. त्याने दोन बोटांनी कडा धरली, आंगठा सरकवला आणि झिप उघडली. माझ्या सासूबाईंना ती पिशवी अजून उघडता येत नाही. खजूर खाल्ले, बिया थुंकल्या, पिशवी टाकून दिली. ती पिशवी उचलून आणणं हेच माझं काम उरलं. तर खाऊ बाहेर काढूच नका, काढला तर डब्यात ठेवा, पिशवीत नाही. आणि हौसेने खायला घालायचं तर मुळीच नाही, वन्यप्राण्यांना खाऊ घालणं हा इथं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दंड पाच हजार सिंगापूर डॉलरपर्यंत जाऊ शकतो. गणपतीला मोदक एवढ्यात दहा वर्षं येतील.

वाट सोडून आत शिरायचं नाही हा दुसरा नियम, आणि तो मोडायचा मोह लोकांना एका कारणाने होतो. या जंगलात कुठेतरी जपानी लोकांनी दुसऱ्या महायुद्धात बांधलेलं एक शिंतो देऊळ होतं, स्योनान जिंजा, युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेलं, आणि १९४५ मध्ये शरण येताना त्यांनीच ते नष्ट केलं. दगडाचे काही अवशेष आत आहेत. ट्रेलवरून ते दिसत नाहीत आणि तिथं जायला परवानगी नाही. इंस्टाग्रामवर कुणीतरी टाकतं म्हणून आपण जाऊ नये, आत चुकलं की सगळी झाडं एकसारखी दिसतात.

मागच्या वर्षी बाबा आले होते. बाबा म्हणजे रंकाळ्यावर पंचवीस वर्षं रोज सकाळी चालणारा माणूस, तलावाभोवती फेरी म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायचं नाही. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही पार्कमध्येच बसा, नागमोडी पूल आहे, बँडस्टँड आहे, मी दीड तासात येते." ते म्हणाले, "अगं, तलावाला आल्यावर फेरी न मारता बसायचं? लोक काय म्हणतील?" कुठले लोक ते त्यांनी सांगितलं नाही. मग आम्ही दोघं चालत गेलो, पूर्ण फेरी, साडेतीन तास. अर्ध्या वाटेत मी विचारलं दमलात का, तर म्हणाले, "दमलो नाही, पण एक सांग, भेळवाला कुठल्या बाजूला असतो?" रंकाळ्याची फेरी भेळेवर संपते, मॅकरिचीची संपत नाही, ही त्यांची एकमेव आणि अतिशय गंभीर तक्रार होती. बाकी त्यांना कौतुक कशाचं वाटलं तर पाण्याचं. काठावर उभे राहून म्हणाले, "एवढं मोठं शहर आणि पाण्यात एक पिशवी नाही, एक निर्माल्य नाही." मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. रंकाळ्याचे सगळे दिवस त्यांनी बघितलेत, त्यामुळे मीही काही बोलले नाही.

तर साठीच्या वरचे लोक येऊ शकतात का, येऊ शकतात, धडधाकट असतील तर, काठी बरोबर असू द्या, पाणी जास्त, आणि घाई नको. सहा-सात वर्षांच्या मुलांना पूर्ण फेरी नको, बोर्डवॉक करून परत या. बाबागाडी लॉर्नीवर कशीबशी जाईल, पुढे विसरा. सायकल आणि कुत्रा दोन्हींना आत परवानगी नाही.

पावसाचं मात्र गांभीर्याने घ्या. भिजायला हरकत नाही, मला तर भिजत पळायला आवडतं, पण सिंगापूर म्हणजे जगातल्या सगळ्यात जास्त विजा पडणाऱ्या ठिकाणांपैकी एक आहे. एप्रिल ते नोव्हेंबरच्या दरम्यान पहाटे-सकाळी सुमात्राकडून वादळी पावसाचे पट्टे येतात, अर्ध्या तासात आकाश स्वच्छ ते काळं. हवामानाच्या ॲपवर पश्चिमेकडून लाल पट्टा येताना दिसला तर निघूच नका, अर्धा-एक तास थांबा, तो जातो. एकदा मी वाटेत सापडले होते, निवाऱ्याच्या झोपडीत आम्ही अकराजण, कुणाची कुणाशी ओळख नाही, पन्नास मिनिटं. एका मलेशियन मुलीने चिक्की वाटली, म्हणजे शेंगदाण्याची तिकडची वडी, चव सेम टू सेम लोणावळा. डिसेंबर-जानेवारीत वेगळा त्रास, दोन दोन दिवस संततधार, मग नेचर ट्रेलवर चिखल घोट्यापर्यंत. मार्चपर्यंत थांबलं तर वाट सगळ्यात चांगली मिळते.

गर्दी शनिवार-रविवारी नक्की. शाळांच्या क्रॉसकंट्री शर्यती इथं व्हायच्या, रनिंग क्लब इथं सराव करतात, त्यामुळे तुमच्या बाजूने सपासप निघून जाणारी सोळा वर्षांची पोरं बघून वाईट वाटून घेऊ नका. डावीकडून चाला, मागून कुणी "एक्सक्यूज मी" म्हटलं की सरका. हेडफोन दोन्ही कानांत घालू नका, कारण एकतर मागचा ओरडतो ते कळत नाही आणि दुसरं म्हणजे इथले दिवसा ओरडणारे सिकाडा, म्हणजे झाडांवरचे किरकिरे किडे, ऐकण्यासारखे आहेत, आठ वाजता एकदम कुणीतरी करवत सुरू केल्यासारखे सुरू होतात आणि एकदम बंद. जमलं तर मंगळवार-बुधवार सुट्टी काढून या. मी वर्षातून तीन-चार सुट्ट्या त्यासाठीच वापरते, बॉसला सांगते घरी प्लंबर येणार आहे.

मार्क द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क लॉर्नी रोडच्या आवाजाचा कापला, माझ्या कोपराचा नाही, ती माझी चूक. शिखर नाही, दरी नाही, "हे बघा आलो वर" असं म्हणायला जागा नाही, हे ज्याला खटकेल त्याला खटकेल. मला पहिलं वर्ष खटकायचं.

आणि खाण्याचं, कारण आपण मराठी माणसं पळतो कशाला. पार्कमधून बाहेर पडून अप्पर थॉमसन रोडकडे या, तिथं प्राटा मिळतो, आपला मलबारी परोटाच, दक्षिणेतल्या लोकांनी इथं आणून इथलाच करून टाकलेला. कांदा-अंड्याचा सांगा, डाळीची आमटी वेगळी मागा, माशाची असेल तर ती आधी. बरोबर तेह तारिक, म्हणजे इथला फेसाळ दुधाचा चहा, पण "सियू दाई" म्हणा म्हणजे साखर कमी घालतात, नाहीतर दहा किलोमीटर एका कपात परत येतात. बाबांनी दोन प्राटे खाल्ले आणि म्हणाले, ठीक आहे, भेळेची भरपाई झाली.